थरथरणारा पट्टा आणि गुडघ्याची मशीन

गोंदियात व्यायामाच्या सामानाचं दुकान टाकून मला नऊ वर्षं झाली. डंबेल, दोरी, मॅट, एवढंच मी मनापासून विकतो. पण लोक मोबाइलवर जाहिरात बघून भलतंच मागवतात, बिघडलं की माझ्याकडे आणतात. सामान परत नेतात, किस्सा दुकानातच राहतो.

*

पहिला धक्का दिला एका धानाच्या व्यापाऱ्यानं. थरथरणारा पट्टा पोटाला बांधून शेठजी महिनाभर टीव्हीसमोर बसले. मग खुशीत दुकानात आले. "भैया, दो इंच कम हुआ. पट्टा ढिला होऊन राहिला."

मी विचारलं, पँट ढिली झाली का? नाही, ती होती तशीच घट्ट. मी पट्टा ओढून बघितला. त्याचं इलॅस्टिक गेलं होतं.

शेठजींनी पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "टाइटवाला दाखवा."

*

एका शिक्षिकाबाईंनी लेकीच्या लग्नाआधी वजन उतरवायला घामाचा सूट मागवला. मानेपासून घोट्यापर्यंत बंद, रबरासारखा. तो घालून त्या मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर चालल्या. आमच्या गोंदियाच्या उन्हात! पाचव्या फेरीला कोसळल्या.

नवऱ्यानं मला फोन केला, सूटची चेन अडकली, काय करू? मी म्हटलं, सूट कापा, आधी दवाखान्यात न्या.

मीही धावत दवाखान्यात गेलो. सलाइन लागलं, बाईंनी डोळे उघडले. आम्ही सगळे वाकलो. त्या पुटपुटल्या, "वजन केलं का?"

*

आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये मनोज नावाचा विमा एजंट आहे. त्याचं घड्याळ रोज अठरा हजार पावलं दाखवायचं, पोट मात्र जागचं हलत नव्हतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्याच्या गावी गेलो. घड्याळ त्याच्या आईच्या मनगटावर, आई गुडघाभर चिखलात. ती कौतुकानं म्हणाली, "पोरगा म्हणते, यानं बीपी समजते."

मी मनोजकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

*

नवेगाव बांधच्या देवाजीकाकांचे गुडघे धरले होते. मुलगा नागपूरला नोकरीला. तो गुडघ्याला शेक देणारी मसाज मशीन मागायला आला. मी म्हटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेत ना, मग एक रबरी पट्टी आणि घरची खुर्ची पुरे. त्याला राग आला. बापासाठी मागतो आहे, असं म्हणून पट्टी घेतली, आणि मशीनही ऑनलाइन मागवलीच.

चार महिन्यांनी काका एकटे आले. दुकानाच्या सहा पायऱ्या कठडा न धरता चढले. मी बघतच राहिलो. पट्टी तुटली म्हणून नवी हवी होती.

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, काका, मी उगाच नको म्हटलं होतं, मशीननं बराच फरक पडला की.

काकांनी मागं वळून बघितलं, कोणी नाही याची खात्री केली.

"मशीन तं म्हशीच्या पायाले बांधून देली. लंगडून राहिली होती बिचारी. पोराले सांगू नोका." पट्टी खिशात घालता घालता म्हणाले, "आता बांधापावतर एकलीच जाऊन राहिली."