डच काकांचं राहून गेलेलं व्याख्यान

ब्रॅकनेलला आमच्या शेजारी एक डच गृहस्थ राहत. वय सत्तरीच्या पुढे, बायको वारलेली, मुलगी स्कॉटलंडमध्ये. तरुणपणी इंजिनिअर म्हणून इंग्लंडला आले आणि इथेच राहिले. घरात आम्ही त्यांना डच काका म्हणायचो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा एका आयटी कंपनीत होते आणि आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. यातलं दुसरं पद मला जास्त मिरवायला आवडायचं.

एका सप्टेंबरात कुंपणापलीकडून ते म्हणाले, "एक जानेवारीपासून आमची नगरपालिका बंद होणार." तीन खेडी आणि समुद्राकाठचा एक बांध, एवढीच ती नगरपालिका. सरकार तिला शेजारच्या मोठ्या गावात विलीन करत होतं, आणि तिचं नाव पाट्यांवरूनही जाणार होतं. त्यांच्या वडिलांनी तिथल्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात अख्खी नोकरी घालवली होती. "ती आहे तोवर मला एकदा कुणाला तरी सगळं नीट सांगायचंय," ते म्हणाले. मुलगी फोनवर नुसती हो हो करते, हेही सांगितलं.

माझी जीभ फार उतावळी. "मग आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात बोला ना," मी म्हटलं. "वीस मिनिटं तुमची. आमच्या लोकांना खूप आवडेल." आमच्या लोकांना मी विचारलंसुद्धा नव्हतं.

दोन महिने त्यांनी तयारी केली. मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढला. अधूनमधून चहाला बोलवून त्यातलं थोडं मला ऐकवायचे. फार पूर्वी बांध नव्हता, तेव्हा लोकांनी माती आणि शेण थापून टेकाडं रचली आणि त्यांवर घरं, गुरं, चर्च सगळं नेलं. पाणी चढलं की गावाची बेटं व्हायची. पुढे बांध झाला आणि टेकाडांची गरज संपली. ती माती उत्तम खत आहे असं कळल्यावर लोकांनी टेकाडं कापून विकायला काढली. म्हणून त्यांच्या गावचं चर्च आता टेकाडाच्या कापलेल्या कडेवर उभं आहे. "त्याची खरी गंमत शेवटी सांगणार," असं म्हणून ते थांबायचे. माझ्या डोक्यात तेव्हा चकल्यांची ऑर्डर असायची. हॉलंड हा नेदरलँड्सचा फक्त एक भाग, आपला प्रांत त्यात येत नाही, हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत मी छापलं, 'हॉलंडची ओळख'. त्यांनी ती पत्रिका वाचली आणि नीट घडी घालून खिशात ठेवली.

हॉल शाळेचा होता, चार वाजता रिकामा करून द्यायचा. कार्यक्रम अकराचा; आपली माणसं साडेबारापर्यंत येत राहिली. मी सगळ्यांवर चिडचिड केली, पण मी स्वतःच पावणेबाराला पोचले होते. मुलांचे नाच झाले. एका नाचाची सीडी अडकली म्हणून तो पहिल्यापासून पुन्हा झाला. मग अध्यक्षांचं भाषण. काका कोट-टाय घालून, मांडीवर नकाशाची गुंडाळी घेऊन साडेदहापासून पहिल्या रांगेत बसले होते. त्या नाचाला त्यांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

अडीचला अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "अगं, लंच थंड होतोय. आता हिस्ट्री-जिऑग्रफी कोण ऐकणार? शाल-श्रीफळ देऊन टाकू, थँक यू म्हणू. त्यांचाही मान राहील."

माईक माझ्या हातात होता. नाही म्हणायला हवं होतं. पण समोर दीडशे भुकेले चेहरे होते आणि मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. "बरं," मी म्हटलं. ज्याला बोलू द्यायचं नाही त्याचा सत्कार करायचा, हे आपल्याला फार छान जमतं.

मी काकांना वर बोलावलं आणि इंग्रजीत त्यांचं मिनिटभर कौतुक केलं. अध्यक्षांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग मी माईक स्टँडला लावून मराठीत सांगितलं की जेवण तयार आहे, ज्येष्ठांनी आधी यावं. काकांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, मी त्यांची ओळख करून दिली. त्यांनी नारळ जपून टेबलावर ठेवला, नकाशा उलगडला आणि माईकपाशी येऊन सुरुवात केली, "थँक यू. मी जिथून आलो ती जमीन समुद्रापेक्षा खाली आहे."

खुर्च्या सरकू लागल्या. अर्ध्या हॉलने पाठ फिरवली होती. त्यांनी आवाज चढवून आणखी दोन-तीन वाक्यं म्हटली. मी पुढे झाले, त्यांच्यासमोरचा माईक काढून घेतला आणि हळूच म्हटलं, "लंच टाइम." ते म्हणाले, "अर्थातच, अर्थातच," आणि नकाशा गुंडाळू लागले. खांद्यावरची शाल घसरत होती, त्यामुळे तो सरळ गुंडाळला जात नव्हता. मी मदतसुद्धा केली नाही. मी वाढपाच्या टेबलाकडे पळाले.

घरी परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "जेवताना कुणी काही विचारलं का?"

तिथे माफी मागता आली असती. मी म्हटलं, "हो, विचारलं ना. एक बाई म्हणत होत्या, समुद्राच्या खाली राहायची भीती नाही का वाटत?" अशी कुणी बाई नव्हती. त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा एकदा सांगायला लावला. इतके ते खूश झाले.

तीन दिवसांनी दारातून पाकीट आत पडलं. वर लिहिलं होतं, 'प्रश्न विचारणाऱ्या बाईंसाठी'. आत नऊ पानं, सरळ रेषेत लिहिलेली, कडेला छोटी छोटी चित्रं. टेकाडं, बांध, वडिलांची रजिस्टरं, चर्च. मी ती दाराशी उभ्यानेच वाचली. शेवटी होतं, 'विचारल्याबद्दल आभारी आहे. आणखी काही जाणून घ्यायचं असेल तर मी रोज दुपारी घरीच असतो. जरूर या.'

पत्र पोचलं का, असं त्यांनी कुंपणापाशी विचारलं. मी पोचलं म्हटलं आणि त्यानंतर बागेत जायचं टाळू लागले. गेले असते तर अशी कुणी बाई नाही, हे सांगावं लागलं असतं. माझी लाज मला त्यांच्या गावापेक्षा मोठी वाटली.

डिसेंबरभर शनिवार-रविवारी ते मला पुढच्या खोलीत दिसत. टेबलावर नकाशा पसरलेला आणि दोन कप मांडलेले. माझ्या दारापासून त्यांचं दार अकरा पावलांवर होतं. मी गेले नाही.