लाल शेपटी नसलेला ससाणा

रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा आणो नाहीतर फुटक्या कपाचा तुकडा, ती डब्यात थेंब थेंब रंग सोडून नेमकी तीच छटा काढून देई. पुढे मशीन आलं, पण शेवटचा थेंब तिच्याच हातचा. दुकानात सगळे तिला छटाताई म्हणत.

म्हणूनच मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा रंगच ओळखू येईनासे झाले तर, ही तिला धास्ती होती. ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरीणबाईंनी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं, म्हणून ती आणि नवरा रोज सकाळी शेतांच्या कडेने चक्कर मारू लागले.

तिथे विजेच्या खांबांवर ससाणे बसत. फिकी छाती, विटेसारखी लाल शेपटी, सगळे ओळखीचे. एका सकाळी मात्र खांबावरचा ससाणा तिला काळाकुट्ट दिसला. तो उडाला तर शेपटी मळकट पांढरी. लालाचा मागमूस नाही.

"अहो, त्याची शेपटी कसली दिसली तुम्हाला?"

"लाल. इकडच्या ससाण्याची आणखी कसली असणार?" नवरा म्हणाला. त्याचा चष्मा खिशात होता, पण ते हिच्या ध्यानात कुठलं यायला!

म्हणजे बिघाड आपल्याच डोळ्यांत! दुकानात दिवसभर ती लाल रंगाचे डबे उघडून बघत राहिली. लाल दिसत होता. पण खरंच दिसत होता, की डब्यावर लिहिलंय म्हणून वाटत होता? मान धरल्याचं सांगून तिने त्या दिवशी एकही रंग मिसळला नाही.

संध्याकाळी न राहवून तिने थोरल्या नणंदेला फोन केला. नणंद शाळेत भूगोल शिकवायची आणि सुट्टीत दुर्बीण घेऊन पक्ष्यांमागे हिंडायची.

"वन्सं, मला लाल दिसेनासा झालाय," म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. "रडायचं नंतर बघू. शेपटीवर आडवे पट्टे होते?"

"नाही. उभ्या राखी रेघा. टोकाला काळपट, शाई फासल्यासारखं."

"आणि छाती?"

"काळी. मध्ये पांढरे शिंतोडे, ब्रश झटकल्यासारखे."

पलीकडे कसल्याशा पुस्तकाची पानं भराभर उलटली. मग, "सकाळी येतेच मी."

सकाळी ससाणा त्याच खांबावर होता. तो उडाला तशी नणंदेने दुर्बीण लावली आणि ती ओरडलीच, "अगं वेडे, याच्या शेपटीत लाल नाहीच! ही लांब उत्तरेकडची उपजात. आपल्याकडे कुणी पाहिलेली नाही अजून!"

छटाताई होती तिथेच बांधावर बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि हसू काही आवरेना.

"मी म्हटलंच होतं, काही झालेलं नाही म्हणून," नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी चष्मा लावा!"

नणंदेने काढलेले फोटो पक्षी-अभ्यासकांकडे गेले. त्यांनीही तीच उपजात असल्याचं कळवलं. नणंदेने लगेच दुकानात फोन लावला. "ऐकलंस का? हा इकडे पहिल्यांदा कुणी पाहिला, तर नोंदीत तुझं नाव लागणार!"

"बरं झालं हो, वन्सं. पण ठेवू का? गिऱ्हाईक ताटकळलंय."

"जन्मात एकदा दिसणारा पक्षी," नणंद फणकारली, "आणि तो दिसावा कुणाला, तर हिला!"