बुटावरचा हात

मी लग्न होऊन किरगिझस्तानातल्या काराकोलला आले त्या हिवाळ्यात माझी नणंद कुंदूझ शाळेत होती आणि घरात क्वचितच सापडायची. नवी सून बघायला आलेल्या बायका माझा रुमाल, माझे हात, माझा चहा सगळं न्याहाळून झालं की विचारायच्या, "आणि धाकटी कुठेय?" सासूबाई, म्हणजे आमच्या आपा, हनुवटीनंच डोंगराकडे दाखवायच्या. "तिकडे. इस्त्रीच्या फळीवर उभी असेल."

इस्त्रीची फळी हे शेजारणींनी ठेवलेलं नाव. सासरे स्कीच्या तळावर लोकांना डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या पाळण्यांचे मेकॅनिक होते. कुणा परदेशी प्रवाशानं कड तुटलेला स्नोबोर्ड तिथेच टाकून दिला, तो त्यांनी पत्र्याची पट्टी ठोकून लेकीला दिला. त्या काळी तळावर सगळे स्कीवाले. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून आडवं उभं राहणं म्हणजे घोड्यावर उलटं बसण्यासारखं वाटायचं लोकांना. कुंदूझला नुसतं घसरत खाली येण्यात रस नव्हता. कुठे बर्फाचा उंचवटा दिसतोय ते ती शोधत असायची.

मी तिला पहिल्यांदा उडताना पाहिलं ते डबा घेऊन गेले होते तेव्हा. पाइनच्या झाडांमधून ती वेगानं आली, उंचवट्यावरून सुटली आणि हवेत आपसूक वळली. कढईत बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळायला टाकले की एक बाजू तांबूस झाल्यावर ते आपले आपण उलटतात, हात लावावा लागत नाही, तशी. मग आपटली. उठून माझ्याकडे आली, नाकातून रक्त येत होतं आणि डब्यात काय आहे ते विचारत होती.

"झेने, आपाला सांगू नकोस," एवढंच म्हणाली. झेने म्हणजे वहिनी. मी सांगितलं नाही, पण नाक सुजलेलं आपांना दिसत होतंच.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती तशीच गेली. ती देशात पहिली आली. "कौतुक नका करू, चौघीच होतो," असं ती स्वतःच सांगायची. मग अल्माटीला सरावाला गेली. आशियाई स्पर्धेत पदक आणलं तेव्हा गावानं तिला गालिचा आणि मेंढा दिला. आपा त्या मेंढ्याला तीन दिवस अंगणात बांधून ठेवून होत्या, येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं म्हणून. इस्त्रीची फळी म्हणणाऱ्या बायका आता आपल्या मुलींना घेऊन यायच्या, कुंदूझनं डोक्यावर हात ठेवावा म्हणून. ती अवघडून जायची, आणि हात ठेवायची.

मग युरोपातली मोठी स्पर्धा आली. आम्ही सगळे एका फोनभोवती बसलो होतो, चित्र अडकत अडकत येत होतं. कुंदूझ सुंदर उडाली, सरळ उतरली, आणि गुण इतके कमी पडले की आम्हाला वाटलं फोन बिघडला. फोन बिघडला नव्हता. पंचांमध्ये एक पिवळ्या केसांची बाई क्षणभर दिसली होती. आपांनी तिथेच निकाल देऊन टाकला की ती आंधळी आहे आणि आम्हा डोंगरातल्या लोकांवर तिचा डोळा आहे. तेव्हापासून चहाला कुणी आलं की त्या बाईची आठवण निघायचीच. "तिच्या दुधावर कधी साय धरू नये," आपा म्हणायच्या. त्या बाईच्या घरी दूध तापवतात की नाही, कुणास ठाऊक.

खरं काय झालं होतं ते कुंदूझनं मला बऱ्याच दिवसांनी, जर्दाळूचा मुरंबा ढवळता ढवळता सांगितलं. हवेत गिरकी घेताना बोर्ड हातानं पकडायचा असतो. त्यासाठी गुडघे छातीशी ओढावे लागतात, पाठ वाकवावी लागते, नाहीतर हात तिथवर पोचत नाही. पण बूट बोर्डाला बांधलेलाच असतो, आणि तो बोर्डाच्या कडेपेक्षा वर, जवळ असतो. बूट धरला की लांबून अगदी तस्संच दिसतं. कुंदूझ लहानपणापासून बूटच धरत आली होती. इकडे कुणी ओळखलं नाही. तिकडे ओळखलं.

"मग तू आपांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"आपानं तोवर सगळ्या काराकोलला सांगून टाकलं होतं," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात उड्या मारायची जाळी बांधली होती. ती पायाला फळी बांधून सकाळभर त्यावर उडायची आणि खाली हात घालायची. पाठ धरायची, रात्री मी तेल लावून द्यायचे. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत ती तिसरी आली. माझ्या मते तिची खरी कमाई ती. त्याला गालिचा मिळाला नाही, कारण लोकांना तिसऱ्याचं काय.

मग गुडघा गेला. एकदा शिवला, दुसऱ्यांदा शिवला, तिसऱ्यांदा बिश्केकचे डॉक्टर म्हणाले की आता चालायला ठेवा. तिनं बोर्ड कोठीत ठेवला. लोकांना वाटलं आता लग्न करेल. तिनं पंचांची परीक्षा दिली.

"आयुष्यभर उडलीस," माझा नवरा एसेन तिला चिडवायचा, "आता दुसऱ्यांच्या उड्या मोजत बसणार? सासूबाईचं काम गं हे."

"हो, आणि सुना खूप आहेत," ती म्हणायची.

तोवर माझी लेक बेर्मेत मोठी झाली होती. तिला शिकवणारे प्रशिक्षक वेगळे, पण चालणं, बसणं, उतारावर उभं राहून खाली बघणं, सगळं आत्याचं. दोघी एकमेकींसारख्या हट्टी. बेर्मेतचं एकच स्वप्न होतं, ज्युनियर जागतिक स्पर्धेला जायचं. गेल्या मार्चमध्ये आमच्याच तळावर निवड होती. मुलींची जागा एक. पंच तीन लागतात, तरच निकाल बाहेर मान्य होतो, आणि देशात परवाना असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुंदूझनं स्पर्धावाल्यांना फोन करून "मला बसवू नका" म्हणून सांगून पाहिलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन हे सांगून गेली. आपांना तर आनंद लपवता येईना. "अल्लानं वाट काढली," म्हणाल्या आणि मुरंब्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. कुंदूझनं मुरंबा घेतला नाही. निघताना दारात बेर्मेतला म्हणाली, "बोर्ड धर." बेर्मेत म्हणाली, "माहितीय, एजे." आत्याला ती एजेच म्हणते. बस, एवढंच बोलणं झालं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन होतं. मी खाली कुंपणाशी थर्मास घेऊन उभी होते. बेर्मेतची उडी मला दिसली ती पाठीकडून, म्हणून हात कुठे होता ते मी सांगू शकत नाही. उंच गेली, फिरली, उतरली, हललीसुद्धा नाही. लोक ओरडले. एसेननं मला इतक्या जोरात थोपटलं की चहा सांडला. दोन पंचांनी ऐंशीच्या वर गुण दिले. तिसऱ्याचे साठही नव्हते. पंचांच्या लाकडी खोलीत तिसरी खुर्ची कुणाची आहे ते सगळ्या तळाला माहीत होतं.

जागा बिश्केकच्या मुलीला गेली.

घरी परतताना गाडीत एसेन बोलतच होता. सख्खी आत्या, म्हणाला. परक्यांनी दिले आणि हिनं कापले. आमच्याकडे नात्यातला माणूस खुर्चीवर बसला की सगळ्या घराची पाठ उबदार होते, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मी बेर्मेतकडे बघत होते. ही मुलगी सूपात मीठ कमी पडलं तरी भांडते. त्या आकड्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. खिडकीच्या काचेवर नखानं रेघा ओढत राहिली. तेव्हा मला कळायचं ते कळलं. पण गाडीत ते बोलायची सोय नव्हती.

त्यानंतर कुंदूझ आमच्याकडे यायची थांबली, म्हणजे तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आली नाही. बिश्केकहून एसेनच्या काकांचे फोन आले. बाजारात अश्ल्यान-फूच्या, म्हणजे गार आंबट शेवयांच्या, बाकावर बसले की शेजारच्या बाया आवाज खाली करायच्या. आपा तिचं नावच घेत नव्हत्या, "ती" म्हणायच्या. बेर्मेत सरावाला जायची, पण आत्याच्या घरावरून जाणारा रस्ता सोडून लांबून. एका संध्याकाळी कुंदूझनं मला फोन केला, मुरंब्याला साखर किती घालतेस असं विचारायला. मार्चमध्ये कुणी मुरंबा करत नाही. मी साखर सांगितली.

मला भीती एकाच गोष्टीची होती. आमच्याकडे माणसं भांडून तुटत नाहीत, अशी न बोलावता तुटतात. एक सण जातो, दुसरा जातो, मग कुणाच्या मयतीलाच भेट होते.

एप्रिलमध्ये आपांची सत्तरी आली. सत्तरीला पोटच्या लेकीला बोलवायचं नाही हे आपांनाही जमलं नसतं, लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मीच फोन केला. ती आली, पांढरी शाल घेऊन, दारापाशी बूट काढताना दुखरा पाय जपत. एसेन "ये" म्हणाला आणि लगेच पाहुण्यांकडे वळला. बेर्मेत ताटं पुसत होती, ती पुसतच राहिली.

मेंढा शिजत आला तेव्हा आपा स्वयंपाकघरात आल्या. आमच्याकडे मांस नुसतं वाढत नाहीत. प्रत्येक हाड कुणाचं ते ठरलेलं असतं, वयानं आणि नात्यानं. थोरल्याला कमरेचं, त्याखालोखाल मांडीचं, म्हाताऱ्या बाईला शेपटीकडचं, माहेरी आलेल्या लेकीला छातीचं. हाड चुकलं तर पाहुणा काही बोलत नाही, जेवतो, आणि वीस वर्षं लक्षात ठेवतो. मानेचं मांस कुणाच्याच मानाचं नाही, ते ताटात पडलं की समजायचं.

"तिला मानेचं वाढ," आपा म्हणाल्या.

मी पातेल्यातून हाडं काढत होते. वाफेत माझं तोंड दिसत नव्हतं ते बरं झालं. "बरं," म्हणाले. सून म्हणून वीस वर्षांत मी आपांना नाही म्हटलेलं नव्हतं, आणि तेव्हाही म्हटलं नाही. आपा गेल्यावर छातीचा तुकडा काढला, चांगली चरबी होती त्यावर, आणि कुंदूझच्या ताटात ठेवला. ताट बेर्मेतच्या हातात दिलं. तिनं आजीचं बोलणं ऐकलेलं होतं. ती ताटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी पुढचं हाड काढायला लागले. ती ताट घेऊन गेली.

बाहेर बडबड चालली होती ती थांबली. आपांनी हाक मारली, "केलिन." सुनेला तसंच हाक मारतात, पण हाकेहाकेत फरक असतो. मी हात पुसून गेले. पाहुणे सगळे आपापल्या वाटीत बघत होते.

"वाढायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, आपा."

"मी काय शिकवलं होतं?"

"हाडाकडे बघून वाढायचं, तोंडाकडे बघून नाही."

आपांनी वाटी दूर सरकवली. मला वाटलं आता उठतील. त्या लेकीकडे वळल्या आणि पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोलल्या. "तुला इतक्या लांबून दिसलं?"

"दिसलं, आपा. बूट धरला होता."

"बाकीच्या दोघांना नाही दिसलं ते?"

"मी स्वतः तेच करायचे. मला आवाजावरूनसुद्धा कळेल." कुंदूझनं हातातली सुरी खाली ठेवली. "युरोपात त्या बाईला दिसलं होतं. ती आंधळी नव्हती."

बिश्केकचे काका खोकले. मग आपा माझ्याकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "म्हणजे इतक्या वर्षांची तिची साय वाया गेली." काका हसले, मग एसेनला हसू आवरेना, आणि तो तोंड लपवायला चहाच्या किटलीकडे गेला. आपा मात्र हसल्या नाहीत. "खा," त्या लेकीला म्हणाल्या. "गार झालं की चरबी टाळूला चिकटते."

बेर्मेत खोलीत नव्हती. आजीनं "दिसलं?" विचारलं तेव्हाच ती बाहेर गेली होती. कुंदूझनं तुकडा संपवला, हाड स्वच्छ करून ठेवलं, आणि उठली.

मी परत मोरीपाशी आले. खिडकीतून अंगण दिसतं. बेर्मेत जुन्या गालिच्यावर सरावाच्या फळीवर उभी होती, पाय बांधलेले, उडी न मारता. कुंदूझ पायऱ्या एकेक करून उतरली. काही बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही, नळ चालू होता. बेर्मेतनं उडी मारली, हात खाली गेला, बुटावर. उतरली आणि मान फिरवून उभी राहिली. कुंदूझ वाकली, दुखरा गुडघा लांब ठेवून, बेर्मेतचं मनगट धरलं आणि दोन बोटं खाली सरकवलं, फळीच्या कडेवर. बेर्मेतनं हात झटकला.

मी नळ बंद केला. आतून एसेन चहा मागत होता. बेर्मेत पुन्हा वाकली, यावेळी जमिनीवरच, उडी न मारता, गुडघे छातीशी घेऊन, आणि हात आपणहून कडेपर्यंत नेला. पोचला की नाही ते मला तिथून दिसलं नाही. कुंदूझनं मान हलवली, नाही म्हणून. मग बेर्मेतनं पुन्हा प्रयत्न केला, आणि मी चहा घेऊन आत गेले.