उसना खोकला

मामांनी उभ्या जन्मात काडेपेटी विकत घेतली नसावी. कानामागची विडी काढायची, समोरच्याच्या पेटत्या विडीकडे मान लांबवायची आणि डोळ्यांनीच विस्तव मागायचा. पहिला धूर सोडता सोडता म्हणायचे, "उसना हाय बरं का. फेडीन." आता विस्तव कुणी फेडतं का? पण मामा फेडायचे. पुढे कधी तुमची विडी विझलेली दिसली, की आपली पेटती पुढे करायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. पिंपरी पेंढारचे ते सगळ्यांचेच मामा होते. आमच्या घराला लागून त्यांचं घर. मूळचं मेंढरं राखणारं घराणं, पुढे शेतीला लागलेलं. मेंढरं गेली, खांद्यावरची घोंगडी तेवढी राहिली. मी तेव्हा जुन्नरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि सुट्टी मिळाली की गावी जायचो. टीबीवरच्या गोळ्या आमच्याकडे नुकत्या कुठे मिळायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट.

सोयरिकीचे पाहुणे घर बघायला येणार असले, की यजमान आधी मामांकडे धावायचा. गोठ्यात एकच बैल, कसं व्हायचं? मामा म्हणायचे, "त्यात काय? आनू की उसनं!" आणि उन्हं वर यायच्या आत गोठा भरायचा. बैल वरच्या आळीचे, पितळी घागरी खालच्या आळीच्या आणि भिंतीवरचं घड्याळ जुन्नरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याच्या घरचं. त्या घड्याळाच्या साक्षीनं किती सोयरिकी जुळल्या कोण जाणे. ते बंदच असायचं.

यात फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नसे. पाहुण्यांनी स्वतःच्या गोठ्यात हेच केलेलं असायचं. एकदा मात्र पंचाईत झाली. उसने आणलेल्या बैलांपैकी एक, बघायला आलेल्या पाहुण्यानंच मागे बाजारात विकलेला होता. जनावर ते! जुना धनी दिसल्याबरोबर त्याचा हात चाटायला लागलं. यजमानाचं तोंड पांढरं पडलं. मामा पुढे झाले आणि म्हणाले, "बघा पावणं, मुकं जनावर सोयरीक वळखतंय. आता तुमी न्हाई म्हनू नका." पाहुणा हसला आणि सुपारी फुटली.

मामांचा एक नेम होता. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. घागर गेली तर तिच्यात मूठभर बाजरी, बैल गेला तर पाठीवर कडब्याची पेंढी. "रिकामं भांडं परत ग्येलं तर दोनी घरं रिकामी," असं ते म्हणायचे. आमच्याकडे सगळेच हे पाळतात, पण मामांइतकं कुणी नाही.

पुढे त्यांच्या स्वतःच्या लेकीची सोयरीक पारगावात जुळत आली आणि नेमका तेव्हाच मामांच्या खोकल्यात रक्त दिसलं. मामींनी धोतराच्या सोग्यावर पाहिलं. त्यांनी मला सांगितलं आणि मी मामांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठ वाजवून पाहिली आणि रुंद तोंडाची एक बाटली त्यांच्या हातात दिली. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून खोल खोकायचं आणि जे पडेल ते हिच्यात आणायचं. बाटली दवाखान्याची आहे, परत द्यायची.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "ह्याच्यात काय बगत्यात?"

"टीबी आहे का ते."

"आनि निगाली तर?"

मी म्हटलं औषध निघालंय. पण त्यांनी औषधाचं विचारलंच नव्हतं. टीबी निघालेल्या घराला आमच्याकडे काय भोगावं लागायचं, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. आजाऱ्याची ताटली वेगळी होणं मी समजू शकतो. पण त्या घरातली मुलगी कुणी करत नसे आणि त्या घरात कुणी देत नसे. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा तो रोग घराण्यावर चढायचा. माणूस मरून मोकळा व्हायचा, घराणं नाही. मला अजून या गोष्टीचा संताप येतो.

मामांनी बाटली भरून आणली. डॉक्टरांनी काचेवर थेंब पसरला, रंग चढवला, सूक्ष्मदर्शक लावला. मग मला बोलावून दाखवलं. निळ्या पडद्यावर लाल बारीक काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, चांगले भरपूर. डॉक्टरांनी मामांना सांगितलं, तेव्हा मामा हसल्यासारखे झाले. मग एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "पुन्यांदा बगा, डाक्टर. ती थुकी चांगली हाय."

थुंकी चांगली म्हणजे काय, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. डॉक्टरांनी त्यांना पुण्याला पाठवून छातीचा फोटो काढून आणला. उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला डाग. थुंकी आणि फोटो, दोघांची साक्ष जुळली. आता आणखी कशाला काय तपासायचं? डॉक्टरांनी गोळ्या आणि पुड्या सुरू केल्या. सुईला मामांनी साफ नकार दिला. "रोज जुन्नरला कोन येनार? गोळ्या द्या, घरला न्हेतो."

मामा औषध न्यायला कधी चुकले नाहीत. उलट संपायच्या आधीच हजर. डॉक्टर मला म्हणायचे, "रोगी असावा तर असा." कधी कधी मामांबरोबर शंकर असायचा. शंकर म्हणजे आमच्या आळीतला पैलवान. दाराच्या चौकटीत उभा राहिला की घरात अंधार पडायचा. नुकतं लग्न झालेलं, पाळण्यात पोर. मामा डॉक्टरांना म्हणायचे, "ह्येला बी एकदा बगा की. खोकतो मधनं मधनं." शंकर खो खो हसायचा. म्हणायचा, "मला काय धाड भरलीया? तालमीतली माती ग्येली आसंल नाकात." आणि निघून जायचा.

पुढे डॉक्टरांनी पुन्हा थुंकी मागवली. या वेळी काचेवर एकही लाल काडी नव्हती. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी मला चहा आणायला पाठवलं. औषध लागू पडलं होतं. मामा चहा बशीत ओतून पीत होते. त्यांच्या गालांची हाडं वर आली होती आणि बंडी अंगावर लोंबत होती. डॉक्टर म्हणाले, आता अंग धरेल.

अंग धरलं नाही. फोटो पुन्हा काढला, तर डाग वाढलेला. थुंकी स्वच्छ, माणूस झिजतोय आणि डाग वाढतोय. डॉक्टर फोटो खिडकीशी धरून कितीतरी वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी पुन्हा एक बाटली काढली आणि मामांच्या हातात दिली.

मी मामांना पायरीपर्यंत सोडायला आलो. ते पायरीवर बसले, बाटली मांडीवर धरली आणि मला म्हणाले, "आता कुनाची आनू?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "कुणाची म्हणजे?"

"पैली शंकऱ्याची व्हती. दुसरी माजी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिली बाटली हातात आली तेव्हा त्यांना वाटलं, आपली थुंकी दाखवली तर लेकीचं लग्न मोडेल. म्हणजे पाहुण्यांसमोर उभा करावा असा एखादा धडधाकट ऐवज उसना आणायला हवा. गावात शंकरपेक्षा धडधाकट कोण? शंकरला म्हणाले, "लेकीच्या लग्नासाटनं येवढं दे." शंकरनं हसत हसत छाती भरून खोकून दिलं. बैल उसना आणावा तसा मामांनी खोकला उसना आणला आणि बैलालाच रोग निघाला. नाव तर आता आपल्यावर लागलंच, म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःचीच थुंकी आणली होती.

मी विचारलं, "मग गोळ्या?"

"त्यालाच दिल्या. ताकदीच्या म्हनून. पुडी दुदातनं. ज्याचं घ्येतलं त्याला दिलं."

मी तेव्हा त्यांच्यावर ओरडलो. शंकरच्या घरात तान्हं पोर आहे, त्याला सांगायला काय झालं होतं? निदान मला सांगायचं! मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शंकऱ्याला सांगितलं आसतं तर त्याची बायकू म्हायेरी ग्येली आसती. तुला सांगितलं आसतं तर तू डाक्टरला सांगितलं आसतंस. डाक्टरनं मला इच्यारलं आसतं, मंग तुजी कुटं हाय?" यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

डॉक्टरांना मीच सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि हाताच्या तळव्यांनी त्यांनी डोळे दाबून धरले. मामांची स्वतःची थुंकी पहिल्यांदाच आली असती, तर ती स्वच्छ निघाली असती. थुंकी स्वच्छ, फोटोत डाग, खोकल्यात रक्त आणि विडी ओढणारा माणूस. त्यांनी गाठीचा संशय धरून त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली असती. तेवढं बोलून ते उठले आणि आधी शंकरला बोलावणं धाडलं. त्याला दार लावून सगळं सांगितलं, त्याच्या बायकोला आणि पोराला तपासलं. ती दोघं ठीक होती. शंकरचा खोकला तोवर थांबला होता आणि वजन वाढलं होतं. गोळ्या आता त्याच्या नावानं सुरू झाल्या. गावाला मात्र कुणी काही बोललं नाही. शंकर बाहेर आला तो रडत होता. एवढा मोठा गडी!

मामांना घेऊन मी पुण्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे घशात औषध फवारून घसा बधिर करायचे, माणसाला उताणा निजवायचे आणि डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवायचे. एकानं ते डोकं धरायचं आणि दुसऱ्यानं टोकाला दिवा असलेली लोखंडी नळी तोंडातून थेट श्वासनळीत उतरवायची. आत गाठ दिसली तर चिमट्यानं तुकडा काढायचा. मला बाहेर थांबवलं होतं. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओठाला रक्त होतं आणि आवाज बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाले, "पावणं आलं व्हतं. दिवा घिऊन. पार आतपातुर घर बगून ग्येलं." मग म्हणाले, "उसनं आनाया येळच न्हाई घावला."

तुकडा तपासून आला. कॅन्सर. तिथले मोठे डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी सांगितलं की डाग लहान होता तेव्हा छाती उघडून तेवढा भाग काढून बघता आला असता. आता तो पार श्वासनळीच्या फाट्यावर बसलाय. मामांनी विचारलं, "म्हंजी टीबी न्हाई?" ते म्हणाले, "नाही." मामांनी हात जोडले. मोठ्या डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नसेल.

यापुढचं सांगताना माझी जीभ कडू होते. मामा जुन्नरहून टीबीचं औषध आणतात हे पारगावच्या पाहुण्यांच्या कानावर कधीच गेलं होतं आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं. आता गावात बातमी आली, मामांना टीबी नव्हतीच! लोक त्यांना भेटायला यायला लागले आणि काय सांगू, चेहरे हसरे! "मामा, सुटलात. आमी उगंच भ्यालो." कॅन्सर म्हणजे काय हे कुणाला धड माहीत नव्हतं, पण तो लागत नाही एवढं कळलं आणि तेवढंच पुरे होतं. मामांच्या ओसरीवर लोक पुन्हा पाणी प्यायला लागले. पारगावहून निरोप आला की आमची काही हरकत नाही, तारीख धरा. मरणाऱ्या माणसाचं असं अभिनंदन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

लग्न झालं. मांडवाची सगळी धावपळ शंकरनं केली. मामा घोंगडी पांघरून खांबाला टेकून बसले होते. बोलायला दम पुरत नव्हता. मी जवळ गेलो तर त्यांनी शंकरकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "चालू आहेत गोळ्या." त्यांनी कानामागची विडी काढून माझ्या हातात दिली. पेटवायची नव्हती. नुसतीच दिली.

त्यानंतर ते फार टिकले नाहीत. तिरडीला पुढचा खांदा शंकरचा होता आणि त्यानं तो शेवटपर्यंत बदलू दिला नाही. चांगल्या छातीचा गडी म्हणून लोक कौतुक करत होते.

तेरावं झाल्यावर मामी दवाखान्यात आल्या. पदराखाली काहीतरी होतं. त्यांनी ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. शेवटची दिलेली रुंद तोंडाची ती बाटली होती, कधीच न वापरलेली, तरी राखेनं घासून लख्ख केलेली. आत काठोकाठ भाजलेले शेंगदाणे भरले होते.

"तुमची हाय," मामी म्हणाल्या. "जाताना सांगून ग्येले, डाक्टरची बाटली राह्यलीया, रिकामी दिऊ नगंस."

आमचे डॉक्टर स्वच्छतेचे इतके कडक, की दवाखान्यात पाणीसुद्धा उकळल्याशिवाय पीत नसत. त्यांनी झाकण उघडलं, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि मामींच्या समोर एक एक करून सगळे खाल्ले. मग बाटली माझ्यापुढे सरकवली. मीही एक मूठ घेतली आणि उभ्या उभ्या सगळी खाल्ली.