न्यागोलमामाची शेवटची दवंडी

न्यागोलमामाला ज्यांनी फक्त म्हातारपणी पाहिलं, त्यांना मी सांगते की हा आमच्या गावचा दवंडीवाला होता, तर ते हसतात. त्यांचं तरी काय चुकलं? शेवटची आठ वर्षं तो इतकं हळू बोले की मीठ मागायला गेला तरी दुकानदाराला पुढे वाकावं लागे. पण एके काळी हाच माणूस गिरणीपाशी बोलला की नदीपलीकडच्या द्राक्षमळ्यात ऐकू जाई. मी त्या आवाजावर लहानाची मोठी झाले. माझे वडील गेले तेही त्याच आवाजामुळे. तेव्हा मी त्याची गोष्ट तोलूनमापून सांगेन अशी अपेक्षा कुणी करू नये.

वर्बोव्नात, म्हणजे आमच्या गावात, तेव्हा वर्तमानपत्रं दोनच यायची, एक पाद्रीकडे आणि एक शाळेत. बाकी गावाला जे कळायचं ते ढोलावरून. सारा गाव त्याला मामाच म्हणे. त्याला अक्षरओळख नव्हती. कचेरीतला कारकून कागद दोनदा वाचून दाखवी, मामा डोळे मिटून ऐके, आणि मग एक शब्द इकडचा तिकडे न करता सहा ठिकाणी म्हणून दाखवी: पाणवठा, चर्च, गुत्ता, गिरणी, अक्रोडाचं झाड आणि शेवटी आमच्या घरासमोरचं दफनभूमीचं फाटक. पाद्रीची डुकरीण हरवल्याची दवंडीसुद्धा तो युद्ध पुकारल्याच्या थाटात देई. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "ऐकलं त्यानं न ऐकलेल्याला सांगावं!" पोरं त्याच्या मागून तेच ओरडत फिरायची.

एकदा त्या टवाळ कारकुनानं गंमत म्हणून खोटाच कागद वाचला, की उद्यापासून विहिरीच्या पाण्यावर कर. मामानं तो सहाही ठिकाणी सांगितला. बायका रात्रीत घागरी भरून बसल्या. गंमत कळल्यावर मामानं दुसऱ्या दिवशी पुन्हा ढोल गळ्यात घातला आणि त्याच सहा ठिकाणी उभं राहून सांगितलं, "काल मी खोटं बोललो. कारकुनानं बोलायला लावलं." कारकून पुढे आठवडाभर गुत्त्यात फिरकला नाही. तेव्हापासून आमच्याकडे एखादी गोष्ट पटवायची असली की लोक म्हणत, ढोलावरून आलंय, आणि वाद तिथेच मिटत असे.

मामाला मूलबाळ नव्हतं. त्याची थोरली बहीण वेलिका, तिचा नवरा पोर लहान असतानाच वारलेला, आणि तिचा एकुलता एक मुलगा म्लादेन. या पोराला मामानंच खांद्यावर घेऊन वाढवलं. सव्वीस वर्षांचा म्लादेन आमच्या सोसायटीचा चिटणीस होता आणि ग्रामसभेवर निवडून आला होता. सरकार त्या वेळी आमचं होतं. नांगर धरणाऱ्यांनी मतं टाकून आणलेलं म्हणून आमचं. शहरातल्या कोटवाल्यांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं, हे आम्हांला दिसत होतं. पण मतांनी आलेलं सरकार मतांनीच जाईल, एवढा भोळेपणा आमच्यात होता.

तेवीस सालच्या जूनमध्ये, एका शनिवारी सकाळी, मामाला कागद ऐकवला गेला. राजधानीत सैन्यानं सत्ता हाती घेतली आहे, जुनं सरकार बरखास्त, गावाचा मुखियाही बदलला, सर्वांनी शांत राहावं. मामानं तो सहा ठिकाणी सांगितला. गिरणीपाशी कुणीतरी विचारलं, ही पण कारकुनाची गंमत का रे? मामा म्हणाला, नाही, हे खरं आहे.

दुपारपर्यंत गावातले पुरुष विळे, कोयते आणि लढाईतून परत आणलेल्या चारदोन बंदुका घेऊन शहराकडे निघाले. आपलं सरकार परत आणायला. माझे वडील होते, म्लादेन होता. पुढे मशीनगन लावलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जे वाचले ते पळत आले आणि मक्यात, रानात, जिथे जागा मिळेल तिथे लपले. पंतप्रधानांना हाल करून मारल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. गहू पिकत आला होता आणि कापायला घरात पुरुष नव्हते.

मग गावात एक कप्तान आला. त्यानं मामाला कचेरीत बोलावून स्वतः सांगितलं, कागदसुद्धा वाचला नाही. जे शहरावर चालून गेले त्यांनी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शाळेत यावं, हत्यारं टाकावी, सही करावी आणि कापणीला घरी जावं. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. असं म्हणून कप्तानानं छातीवर हात ठेवला. मामा स्वतः शिपाईगडी, एक पाय लढाईत अधू झालेला. कप्तानाचा शब्द म्हणजे त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होती.

ती दवंडी मी फाटकासमोर उभं राहून ऐकली. आईनं मला ढकललंच, की जा, बापाला सांगून ये, कापणी तोंडावर आलीय. मक्यात जाऊन सांगणारी मीच. हे मी आयुष्यात फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

म्लादेन मात्र कुणाला सापडण्यासारखा नव्हता. तो नदीपलीकडे, मळ्यातल्या खोपीत होता आणि हे फक्त त्याच्या आईला आणि मामाला ठाऊक होतं. वेलिकामावशी म्हणाली, असू दे तिथेच, गहू मी एकटी कापीन. मामानं तिचं ऐकलं नाही. आला नाही तर फरारी ठरेल, जन्मभर रानात काढेल का, असं त्याचं म्हणणं. भर उन्हात, लंगडत, पुलाचा वळसा घालून दोन तास चालत तो खोपीपर्यंत गेला. तिथे काय बोलणं झालं ते पुढे त्यानंच मला सांगितलं.

म्लादेननं विचारलं, "मामा, हे कागद म्हणतोय का तू म्हणतोयस?"

"मी म्हणतोय. मी आजवर खोटं सांगितलंय का कधी?"

"एकदा. पाण्याच्या कराचं," म्लादेन हसून म्हणाला, आणि बूट चढवायला लागला.

शुक्रवारी बारापर्यंत शाळेत अकरा जण आले. त्यांच्या सह्या घेतल्या. मग शहरात जबाब द्यायचा आहे, संध्याकाळपर्यंत परत येतील, असं सांगून त्यांना चालवत नेलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. विटांच्या भट्टीकडून आवाज आले. आई म्हणाली, पाखरं उडवत असतील. तिचे हात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. अकराही जण वाटेत पळून गेले आहेत, कुणाला दिसल्यास कळवावं. हा कागदही मामालाच सांगावा लागला. दोन शिपाई त्याच्या मागे चालत होते. आमच्या फाटकाशी आला तेव्हा आई त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं तोंड पुसलं नाही. "ऐकलं त्यानं न ऐकलेल्याला सांगावं" हे वाक्य त्या दिवशी त्यानं म्हटलं नाही, आणि त्यानंतर वर्षभर म्हटलं नाही.

त्या वर्षात ढोल वाजला की गावात खिडक्या लागत. बायका घरातल्या पुरुषांना मागच्या कुंपणावरून बाहेर काढत. हिवाळ्याआधी जनावरांचा डॉक्टर आला, बैलांना सुई टोचणार अशी दवंडी झाली, तर एकही माणूस बैल घेऊन गेला नाही, आणि साथीत निम्मे गोठे रिकामे झाले. मामा दिवसेंदिवस वाळत गेला. मला त्याची कीव येत नव्हती. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

त्या अकरा जणांसाठी प्रार्थना म्हणायला पाद्री तयार नव्हता. मेल्याचा कागद नाही, पळून गेलेल्यांचं श्राद्ध कसं करू, म्हणे. वेलिकामावशीनं ते वर्षभर ऐकून घेतलं. भावाशी ती एक अक्षर बोलली नव्हती. वर्ष भरलं की आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं गहू उकडून लोकांना मूठमूठ वाटतात. त्याला दोन दिवस राहिले तेव्हा मात्र ती स्वतःहून त्याच्या दारात गेली.

"म्लादेनच्या नावाचा गहू उकडणार आहे परवा," ती म्हणाली. "दवंडी दे."

मामा म्हणाला, "ताई, कागद नाही गं. कोण देऊ देईल?"

"त्याला बोलवायला कागद लागला नव्हता तुला."

तो आत जायला वळला.

"पाण्याच्या कराचं खोटं तू एका दिवसात मोडलंस," ती म्हणाली. "याला वर्ष झालं, न्यागोल. माझं लेकरू कुठे पळालेलं नाही. तू सांगितल्याशिवाय या गावात ते मरणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजला. मी खिडकी लावली आणि फटीतून पाहू लागले. मामा एकटाच होता, मागे शिपाई नव्हते. जुन्या आवाजात, मळ्यापर्यंत जाईल असा, तो म्हणाला, "गेल्या वर्षी मी सांगितलं, केसालाही धक्का लागणार नाही. ते खोटं होतं. अकरा जण पळाले सांगितलं, तेही खोटं. त्यांना भट्टीपाशी मारलं." मग त्यानं अकराही नावं घेतली. माझ्या वडिलांचं चौथं होतं. "उद्या सकाळी फाटकाशी म्लादेनचा गहू आहे, सगळ्यांनी यावं. ऐकलं त्यानं न ऐकलेल्याला सांगावं."

दुपारी त्याला कचेरीत नेलं. ढोल फोडला, दोन बरगड्या मोडल्या, आणि म्हातारा आहे म्हणून सोडून दिलं. त्यानंतर त्याच्या गळ्यातून मोठा आवाज निघाला नाही.

सकाळी वेलिकामावशी पातेलं घेऊन फाटकाशी आली. उकडलेला गहू, वर साखर, अक्रोड. गेल्या वर्षी तिनं एकटीनं कापलेल्यातला गहू. शेजारी मामा, तोंड सुजलेलं, भिंतीला टेकून. ऊन चढलं. रस्त्यावर कुणी नाही. गावातल्या प्रत्येक घरात आदल्या दिवशीची दवंडी पोचली होती, आणि प्रत्येक घरात एकच विचार होता. ढोल ‘या’ म्हणतोय, म्हणजे जो जाईल तो मेला. कोण येतं ते बघायला शिपाई बसवले असतील. ती बाई माझ्या बापाचंही वर्षश्राद्ध घालत होती, आणि मी वीस पावलांवर, कडीवर हात ठेवून उभी होते. मी कडी काढली नाही. याची लाज मला अजून वाटते.

दुपार झाली तेव्हा मामाचं बोलणं कसंबसं ऐकू आलं. "कुणी येत नाही, ताई. माझ्या शब्दावर आता कोण येणार?"

वेलिकामावशीनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"नाही आले ते बरं झालं," ती म्हणाली. "तेव्हाही असंच कुणी यायला नको होतं."

मग तिनं मूठभर गहू घेतला आणि भावाच्या ओंजळीत घातला. "खा," ती म्हणाली. "म्लादेननं पेरलेला आहे."