भाषादोषातले दोन ष

आसिया आमच्या शाळेत आली त्या दिवशीच मी मनात म्हटलं, ही पोरगी डोक्याला ताप होणार. पेण तालुक्यात पस्तीस वर्षं शिकवलेल्या मुख्याध्यापिकेला माणसं कळतात हो. रोह्याची मुलगी, वडील मस्कतला, पुण्याला भाषाशास्त्र शिकलेली, आणि पहिलीचा वर्ग स्वतःहून मागितलेला. असं कोण करतं?

लहानपणी वडिलांचा फोन आला की मागे बोलणाऱ्या माणसाचे दोन शब्द ऐकून ती त्याचं गाव सांगायची. हा नागोठण्याचा, हा मुरूडचा. पुढे पुण्यात वर्गातली मुलं तिच्या ‘नाय’वर फिदीफिदी हसली, तेव्हा बाईसाहेबांनी ‘नाय’ सोडलं नाही. त्याच्यावरच प्रबंध लिहिला.

आसिया आमच्याकडे आली त्याच वर्षी मी प्रतिक्षाचा फॉर्म भरला. ही पहिलीतली मुलगी खाडीकाठच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या गोदूबाईची नात. डोळ्याला डोला म्हणायची, बाणाला बान. महिनाभर तिला ऑफिसात बसवून मी घसा कोरडा केला, पण ळ काही निघेना. वाचादोष आहे असं लिहून तिला पनवेलच्या विशेष शाळेत पाठवायचं मी ठरवलं. तिथं वसतिगृहात राहायचं होतं. गोदूबाई ऑफिसात येऊन दाराशी उभी राहिली. “माजी पोर मुकी नाय, बाय. तिला माज्यापासून तोरू नका,” म्हणाली. मी मान वर केली नाही.

“सही करायच्या आधी दहा मिनिटं द्या,” आसिया म्हणाली आणि प्रतिक्षाला घेऊन आली.

“मिठागरात तळाशी काय साचतं गो?”

“गाल.”

आसियानं तिच्या गालावर बोट ठेवलं. “आणि ह्यो काय?”

“गाल.”

“बघ,” मी म्हटलं. “हिच्या कानालाच फरक कळत नाही.”

आसियानं चार बोटं दाखवली. “किती?”

“चार.”

“बकरी काय खाते?”

“चारा.”

पहिला च चहातला, दुसरा चमच्यातला. दोन्ही अगदी स्वच्छ.

“मॅडम, तुम्ही पाटीवर किती च शिकवलेत?”

“एकच. अक्षरच एक आहे.”

“मग दुसरा हिला कोणी शिकवला?”

मी सहीचं पेन खाली ठेवलं. आसियाला तेवढंच हवं होतं. म्हणाली, “आमच्या शास्त्रात काही लोक गाल-गाळ अशा जोड्या लावतात. ज्या आवाजानं अर्थ बदलतो, तो स्वनिम. तुमच्याकडे ल आणि ळ दोन, हिच्या बोलीत एकच. दुसरे लोक नियम शोधतात. हिचा ळ दर वेळी ल होतो, आजीचाही होतो, अख्ख्या गावाचा होतो. मग तो दोष कसा? तिसरे म्हणतात, जिभेला सोय हवी, कानाला फरक हवा, दोघांची कायमची ओढाताण. कोण जिंकणार, ते ज्या त्या बोलीनं ठरवायचं.”

माझं डोकं फिरलं. “ते राहू दे तुझ्याकडे. अक्षर वेगळं आहे ना? मग उच्चार वेगळा झालाच पाहिजे. नाहीतर दोष.”

“बरं. फॉर्मचं नाव जरा मोठ्यानं वाचता?”

मी चष्मा लावला आणि ठणकावून वाचलं, “भाशादोश तपासणी अर्ज.”

“मॅडम, त्यात दोन ष होते. कुठं गेले?”

मी पुन्हा वाचलं. पुन्हा श. जीभ टाळ्याकडे वळवून पाहिली, तर तोंडातून भलतंच काहीतरी निघालं आणि प्रतिक्षा खुदकन हसली. पस्तीस वर्षं मी पोटफोड्या ष मुलांकडून गिरवून घेतला, चुकला तर छडीही मारली, आणि स्वतः एकदाही उच्चारला नव्हता. लाज वाटली, सरळ सांगते. या पोरीला मी घराबाहेर काढायला निघाले होते.

दारातून गोदूबाईनं विचारलं, “मंग बाय, आता तुमाला पन पनवेलला पाठवनार काय?”

ती चिडवत नव्हती. तिला खरंच काळजी वाटली होती.

मी फॉर्मवर आडवी रेघ मारली. “नाय गो गोदूबाई,” मी म्हटलं, “आम्ही दोघी हितंच शिकणार.”