शेऱ्याचा रकाना

माझ्या मावशीला नावानं हाक मारणारी माणसं घरातच होती, तीही मोजकी. बाहेर सगळीकडे ती सातदिवसवाली. कुठल्याही दारात टेकली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "गेल्या सात दिवसांत घरात काय आलं, काय संपलं, आठवेल तसं सांगा." देशात वर्षभरात किती बनलं, किती विकलं गेलं, याचा एक मोठा आकडा दरसाल जाहीर होतो ना, त्याच्या तळाशी अशी हजारो दारं असतात. त्यातल्या काही दारांवर मावशी जायची. पाहणी खात्यात तिनं एकतीस वर्षं हेच काम केलं. नंतर तिचे गुडघे बोलायला लागले, मी त्यांना तेल चोळायला बसायचे आणि ती बोलायची. हे सगळं तेव्हा ऐकलेलं.

तिची वेळ दुपारची. सकाळी माणसं घाईत असतात, संध्याकाळी दमलेली. दुपारी गल्लीत कुणी नसतं, वाळत घातलेली चादर हलते, कुठल्याशा खोलीत शिवणयंत्र थांबत थांबत चालतं आणि सावल्या भिंतीच्या पायाशी गोळा होऊन बसलेल्या असतात. अशा वेळी माणसाला गेला आठवडा विचारावा. मावशी म्हणायची, तेल मंगळवारी आणलं की बुधवारी हे आठवताना माणसाची नजर भिंतीवरून सरकते, खिडकीबाहेर जाते आणि कुठेतरी जाऊन थांबते. एक सुतार बुधवारचे कांदे शोधता शोधता बहिणीच्या जुन्या पत्रापाशी पोहोचला आणि बराच वेळ तिथून परतलाच नाही. मावशी पेन्सिल खाली ठेवून वाट बघत बसली. खात्याच्या नियमानं एका घराला पाऊण तास. मावशीला दोन लागायचे, आणि त्यावरून तिला दरमहा बोलणी खावी लागायची.

काजवालीचं घर तिला अशाच एका दुपारी मिळालं. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांच्या चार ओळी होत्या. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत ही बाई सदऱ्यांना काजं करायची. मोठ्या शिवणकारखान्यातून गठ्ठे यायचे, काजं होऊन परत जायचे. नवरा गोदामात हमाल. खोलीच्या मागे टेकडीतून झरा निघालेला होता. तो दगडी कुंडात पडायचा, कुंडातून ओहळ होऊन वस्तीच्या कडेनं वाहत जायचा. पिण्याचं पाणी तेच, धुणं तिथंच, आणि दुपारी बायका पाय पाण्यात सोडून बसायच्या त्याही तिथंच.

मावशीनं पाहणीचा छापील अर्ज काढला आणि प्रश्न सुरू केले. काजवाली सुईवरून नजर न काढता उत्तरं देत होती.

"पाण्यावर खर्च?"

"पाण्यावर कसला खर्च?"

"शून्य लिहू?"

"लिहा की. मोठ्ठं लिहा."

करमणूक, शून्य. औषधपाणी, शून्य. प्रवास, शून्य. नवरा चालत जायचा, चालत यायचा. चौथ्या पानापर्यंत शून्यांची रांग लागली. काजवालीनं दोऱ्याचं रीळ संपलं म्हणून दुसरं शोधायला पेटी उघडली, तेवढ्यात मावशीची पाठ भिंतीला टेकली. भिंतीपलीकडे पाणी वाहत होतं. त्या आवाजाला टोक नव्हतं. मावशीला दिसलं की अर्जावरची शून्यं एकेक करून पाण्यात उतरताहेत, टेकली की गोल होऊन पसरताहेत, मोठी मोठी होत काठाला लागताहेत, आणि ती स्वतः काठावर बसून ती मोजायचा प्रयत्न करतेय पण तिला अजिबात घाई नाही.

जागी झाली तेव्हा डोक्याखाली उशी होती आणि ऊन दारातून हटलं होतं. ती धडपडून उठली.

"अहो, उठवायचं तरी."

"का म्हणून? कुणाचं काही नेलंत थोडंच?" काजवाली म्हणाली. "माझी अकरा काजं झाली तेवढ्यात."

मावशीनं तोंडावर पाणी मारलं. मग अर्जात नसलेला प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला. "तुम्हाला रोज अशी झोप लागते?"

"दुपारी तासभर. रात्री पडल्या पडल्या. का हो, तेही लिहायचं असतं?"

"नसतं."

पण अर्जाच्या शेवटच्या पानावर शेऱ्यासाठी एक रकाना होता. तिथं कुणीच काही लिहीत नसे. फार तर 'माहिती पूर्ण' एवढं. मावशीनं त्यात लिहिलं, 'झोप चांगली.' त्या दिवसापासून हा प्रश्न ती प्रत्येक घरी, सगळ्यात शेवटी, पेन्सिल पिशवीत टाकता टाकता विचारू लागली. लोक आधी हसायचे आणि मग सांगायला लागायचे. काही जण स्वप्नंसुद्धा सांगायचे. सगळं ती त्या बोटभर जागेत बसवायची.

सहा वर्षांनी काही जुनी घरं पुन्हा तपासायची यादी निघाली. काजवालीचं घर त्यात होतं. मावशी आनंदानं निघाली, पण वस्तीपाशी पोहोचल्यावर तिला क्षणभर वाटलं आपण चुकून दुसरीकडेच आलो. टेकडीच्या पायथ्याला उंच भिंत झाली होती. आत बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा होता. भिंतीमागून यंत्रांची घरघर येत होती आणि फाटकासमोर ट्रकांची रांग लागली होती. ओहळाच्या जागी कोरडा चर होता, त्यात रिकाम्या बाटल्या.

काजवालीनं तिला ओळखलं. "या, सातदिवसवाल्या बाई. या वेळी लिहायला भरपूर आहे."

खरंच भरपूर होतं. पाणी आता विकत, पिंपानं. नवरा हमाली सोडून त्याच कारखान्यात रात्रपाळीला लागला होता, पगार आधीच्या दीडपट. घरघरीनं दिवसा त्याचा डोळा लागत नाही म्हणून खिडकी बुजवली, खिडकी बुजवली म्हणून पंखा आणला. त्याची पाठ धरली, तिचं औषध. काजवाली आता दुप्पट काजं घ्यायची, त्यामुळे चष्मा लागला, तोही लिहिला. गठ्ठे आणायला रिक्षा. सहा वर्षांपूर्वी जिथं जिथं शून्य होतं तिथं तिथं आता आकडा होता.

मावशी लिहीत होती. काजवाली वाकून कागदाकडे बघत होती.

"म्हणजे तुमच्या कागदावर आम्ही सुधारलो म्हणायचं."

मावशी पेन्सिलीला टोक करू लागली.

"नाही, खरं सांगा. आमचा खर्च वाढला, त्याचा पगार वाढला, कारखान्याचा माल वाढला. मग सुधारलोच की." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"झोप लागते का?" मावशीनं विचारलं.

काजवालीनं चष्मा काढून पुसला. "अहो, तो सकाळी येतो तेव्हा मी उठलेली असते. मी पडते तेव्हा तो निघालेला असतो. दोघांची मिळून एक झोप होईल कदाचित. आठवड्याची."

मावशीनं शेऱ्याचा रकाना भरला, मग समास भरला, मग पान उलटून पाठकोरी बाजूही भरली.

पुढच्याच महिन्यात वार्षिक आकडा जाहीर झाला. देशाचं उत्पादन आठ टक्क्यांनी वाढलं होतं. कचेरीत बिस्किटं वाटली गेली. मावशीचे साहेब स्वभावानं सरळ, कामाला चोख. त्यांच्या टेबलामागे जिल्ह्याचा नकाशा होता आणि ते तो स्वतःच्या हातानं रंगीत पेन्सिलींनी रंगवायचे. जितकी वाढ जास्त, तितका हिरवा गडद. टेकडीखालचा भाग फिकट हिरव्यावरून एकदम गर्द झाला होता.

"बाई, तुमचा भाग पाहिलात का?" ते कौतुकानं म्हणाले.

"पाहिला. तिथला झरा बंद झालाय, साहेब."

"कारखाना आला ना पण."

"लोकांना पूर्वी पाणी फुकट होतं. आता विकत घेतात. ते विकत घेतात म्हणून आपला रंग गडद झाला."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "आकडा खोटं बोलत नाही, बाई. त्याला जेवढं विचारलं तेवढं तो सांगतो."

"मग आणखी थोडं विचारू या की."

"ते ठरवणारे आपण कोण?"

मावशीनं फडताळातून अर्जांचे जुने गठ्ठे काढले. सहा वर्षांचे होते. टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "फक्त शेवटचं पान बघा प्रत्येकाचं." आणि बिस्किट न खाताच आपल्या जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी त्या दिवशी दुपारभर शेवटची पानं उलटली. कचेरी रिकामी होत गेली, पंखा कागदांचे कोपरे उचलत राहिला. 'झोप तुटक, मुलगी परगावी.' 'झोप चांगली, स्वप्नात आई येते.' 'दोन नोकऱ्या, झोप बसमध्ये.' 'झोप नाही, कारण सांगत नाहीत.' घराघरांतला असा अंधार आणि उजेड त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. निघताना ते मावशीला एवढंच म्हणाले, "उद्या तपासणीला मीही येतो."

दुसऱ्या दिवशी दोघं काजवालीकडे गेली. साहेब चटईवर बसले, गुडघे अवघडून. काजवालीचा नवरा आतल्या कोपऱ्यात उताणा पडून होता, डोळे उघडे. भिंत यंत्रांबरोबर बारीक थरथरत होती. कपातल्या चहावर त्या थरथरीची वलयं उठत होती आणि साहेब चहा न पिता त्यांच्याकडेच बघत राहिले.

"आपलं उत्पन्न वाढलंय," ते शेवटी नवऱ्याला म्हणाले. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो, वाढलंय," नवरा छताकडे बघत म्हणाला. "तक्रार नाही. फक्त मला हल्ली वाटत राहतं की मी कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाचा दिवस जगतोय."

साहेबांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. तीन पानी, शेऱ्यांचे नमुने जोडून. अकरा महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. 'सूचनेची नोंद घेतली आहे.' मावशीनं ते आपल्या लिहायच्या पाटीला चिमट्यानं लावून ठेवलं. तिला त्याचं दुःख झालं नाही. नोंद घेणं म्हणजे काय असतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पण पुढच्या फेरीच्या अर्जात एक नवा प्रश्न छापून आला. चाचणी म्हणून, एकाच वर्षासाठी, मोजक्या भागांत. 'गेल्या सात दिवसांत किती तास विश्रांती?' त्या वर्षी मावशीनं तो प्रश्न छापील अक्षरांवर बोट ठेवून विचारला. अहवाल निघाला तेव्हा ती उत्तरं अगदी शेवटी, परिशिष्टात, एका बारीक तक्त्यात होती. टेकडीखालच्या वस्तीची ओळ सगळ्यात तळाला. विश्रांती जिल्ह्यात सगळ्यात कमी.

मावशी तो अहवाल घेऊन काजवालीकडे गेली. काजवालीनं चष्मा लावून आकड्यावर बोट ठेवलं.

"यात मी आहे?"

"तुम्ही आहात, शेजारची धोबीण आहे, तो पलीकडचा रिक्षावाला आहे."

"छापून आलंय," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "हे पान मला मिळेल का?"

त्या पानाच्या प्रती वस्तीनं काढल्या. कारखान्याला जागा वाढवून हवी होती, त्याची सुनावणी लागली होती. वस्तीतली माणसं आधीही अशा सुनावण्यांना गेली होती. तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे सांगायला फक्त त्यांचं म्हणणं होतं. या वेळी काजवाली उभी राहिली आणि तिनं तक्ता वाचून दाखवला. ओळ क्रमांक, पान क्रमांक सगळं. अधिकाऱ्यांना ते त्यांच्याच सरकारचं पान असल्यामुळे नाकारता येईना. वाढीव जागा मिळाली नाही असं नाही, मिळाली. पण अटी पडल्या. यंत्रं रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि भिंतीतून बाहेर वस्तीसाठी एक नळ, झऱ्याच्या पाण्याचा, दिवसाला चार तास, विनामूल्य.

रात्रपाळी गेली तसा वाढीव पगारही गेला. काजवालीचा नवरा परत गोदामात लागला, आता हमाल नव्हे, चिठ्ठ्या बघणारा. त्यानं बुजवलेली खिडकी फोडली. काजवालीनं काजांचे गठ्ठे निम्म्यावर आणले. पिंपाचं पाणी बंद झालं, औषध बंद झालं. त्यांचं भांडण पुन्हा रोज वेळेवर सुरू झालं, असं ती मावशीला हसत सांगायची. एकमेकांशी भांडायला दोघं एकाच वेळी जागी असावी लागतात.

त्या वर्षीची पाहणी मावशीची शेवटची. अर्ज कचेरीत गेले, बेरजा झाल्या. साहेब नकाशापाशी उभे राहिले आणि पेन्सिलींच्या डबीत बराच वेळ काही शोधत राहिले.

"बाई, टेकडीखालचा भाग घसरलाय. खर्च कमी, उत्पन्न कमी. नियमानं फिकट करावा लागेल."

"मग करा की."

"तुम्हाला चालेल?"

"आकडे मीच आणलेत, साहेब. खरे आहेत." मावशी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. "फक्त जरा हलक्या हातानं करा."

साहेबांनी आधी खोडरबरानं गर्द रंग काढला. हिरवी भुकटी टेबलावर पडली. मग त्यांनी फिकट पेन्सिल घेतली आणि सावकाश, कडेकडेनं, तो तुकडा भरायला सुरुवात केली. बाहेर दुपार कलत होती, पंखा फिरत होता आणि मावशी त्यांच्या हाताकडे बघत बसली होती. मध्येच कधीतरी तिचे डोळे मिटले, आणि साहेबांनी तिला उठवलं नाही.